साखळीतला जुना कॉम्प्युटर, 'डिस्क गेली' म्हणून निकाल लागलेला: एक प्रकरण पहिल्यापासून शेवटपर्यंत

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात गोव्यातल्या साखळीहून काकांचा फोन आला. काका म्हणजे वडिलांचे जुने मित्र, बाजाराच्या मागच्या गल्लीत त्यांचं टायपिंग आणि डीटीपीचं दुकान आहे, वाळवंटी नदी तिथून हाकेच्या अंतरावर. फोनवर आवाज अगदी खोल गेलेला. "अरे, कॉम्प्युटर बसला. दुरुस्तीवाल्याला दाखवला, डिस्क गेली म्हणतात. नवीन घालून फॉरमॅट मारायचा, आतलं काय राहील त्याची गॅरंटी नाही म्हणतात. पळय रे बाबा, आता तूच पळय." पळय म्हणजे बघ.

आधी त्या कॉम्प्युटरात काय आहे ते सांगतो, नाहीतर पुढची सगळी धावपळ कशासाठी ते कळायचं नाही. मशीन २०१२ चं, असेंबल केलेलं. दुसऱ्या पिढीचा कोअर आय३, एच६१ चिपसेटचा बोर्ड, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्डडिस्क, विंडोज ७ आणि तेही ३२ बिट. त्यात तेरा वर्षांच्या लग्नपत्रिका, जत्रेतल्या नाटकांची हँडबिलं, भजनी सप्ताहाची पत्रकं, आणि आसपासच्या गावांतल्या हौशी मंडळींनी लिहिलेली नाटकं, जी काकांनी हस्तलिखितावरून टाइप करून दिली आणि ज्यांची मूळ वही आता कोणाकडेच नाही. दर गणेश चवथीला दोन-तीन वाड्यांची आरतीची पुस्तकं इथूनच निघतात. आणि हे सगळं जुन्या मराठी फॉन्टात आहे, युनिकोडमध्ये नाही. म्हणजे फाइलीत 'ग' म्हणून 'ग' नसतो, तिथे एखादं इंग्रजी अक्षर किंवा चिन्ह असतं आणि फॉन्ट त्याला 'ग'चं रूप देतो, तो फॉन्ट काढून घेतला की पूर्ण नाटक म्हणजे चिन्हांचा चिवडा. फॉन्टचं सॉफ्टवेअर मागे यूएसबीला डोंगल, म्हणजे किल्लीसारखी एक काडी, लावल्याशिवाय उघडत नाही आणि त्या डोंगलचा काकांकडे असलेला ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला ते चालवायला लागणारं छोटं सॉफ्टवेअर, ३२ बिटचा, ६४ बिट विंडोजवर न चालणारा. म्हणून २०२० च्या जानेवारीत विंडोज ७ चे अपडेट बंद झाले तरी काका तिथेच राहिले. आळस म्हणून नाही, त्यांच्या कामाची सगळी साखळीच त्या एका मशीनला बांधलेली आहे.

तेव्हा 'फॉरमॅट मारूया' हे वाक्य इथे किती महागात पडलं असतं ते लक्षात घ्या. मला त्या वाक्याचा मनापासून राग येतो, आणि ते म्हणणाऱ्या माणसाचा तितका नाही, कारण त्याच्याकडे दिवसाला दहा मशीन येतात. पण तपासायच्या आधीच उपाय ठरवला की पुढे जे हरवतं ते गिऱ्हाइकाचं हरवतं.

मी दुसऱ्या दिवशी सकाळीच गेलो. स्क्रू ड्रायव्हर बॅगेतच ठेवला आणि आधी वही काढून काकांना म्हटलं, तुम्हाला जसं दिसलं तसं सांगा, कॉम्प्युटरच्या भाषेत सांगू नका. त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या. एक, गणपती-दिवाळीनंतरपासून मशीन हळू झालंय, फाइल सेव्ह करताना अडकतं, कधी कधी मिनिटभर नुसतं थिजून राहतं आणि मग एकदम चालतं. दोन, साधारण एप्रिलपासून फॉन्टचं सॉफ्टवेअर मधूनमधून 'लॉक सापडत नाही' म्हणतं, डोंगल काढून परत घातलं की कधी चालायचं, मग मे अखेरपासून अजिबातच नाही. तीन, गेल्या सोमवारी सकाळी चालू केलं तर काळ्या स्क्रीनवर काहीतरी इंग्रजी आलं, एफ१ दाबा नाहीतर एफ२ दाबा, दोन नंबरपुढे 'कंटिन्यू' लिहिलेलं दिसलं म्हणून त्यांनी तो दाबला, विंडोजचं चित्र आलं, निळा स्क्रीन क्षणभर चमकला आणि मशीन परत पहिल्यापासून सुरू. तेव्हापासून तेच चक्र.

तेवढ्यात आतून काकी चहा घेऊन आल्या आणि त्यांनी जे सांगितलं ते मला सगळ्यात जास्त कामाला आलं. "शनिवारी रात्री काय गडगडलं बघ, मी भिंतीवरचं बटण बंद करून प्लगच काढून ठेवला. रविवारी दुकान बंदच, सोमवारी यांनी लावला." दर पावसाळ्यात त्या हेच करतात, आमच्याकडे सगळेच करतात, वीज पडून टीव्ही आणि मॉडेम गेलेली घरं काही कमी नाहीत. पण यंदाच्या पावसातली प्लग काढायची ही पहिलीच वेळ होती, हे मी वहीत लिहून अधोरेखित केलं.

मशीन चालू केलं. निळा स्क्रीन वाचायच्या आत जातो, म्हणून एफ८ दाबून 'डिसेबल ऑटोमॅटिक रीस्टार्ट' घेतलं. मग तो थांबला आणि कोड दिसला, शेवटी ७बी. ज्यांनी जुन्या विंडोजवर काम केलंय त्यांना हा सेव्हन-बी तोंडपाठ असतो: विंडोजला बूट करायची, म्हणजे जिच्यावरून सुरू व्हायचं ती, डिस्क हातात लागत नाही. आता 'डिस्क लागत नाही' हे वाचून 'डिस्क मेली' म्हणणं अगदी सोपं आहे, पण थोडं थांबून बघितलं तर विंडोजचं चित्र कुठून आलं? ते त्याच डिस्कवरून वाचलं गेलं ना. सुरुवातीचा भाग बायॉसच्या, म्हणजे बोर्डातच असलेल्या आणि मशीन चालू करून देणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, मदतीने डिस्क वाचतो, तोवर सगळं ठीक असतं, मग विंडोज स्वतःचा ड्रायव्हर लावून डिस्क ताब्यात घ्यायला जातो आणि तिथे पाय घसरतो. म्हणजे संशय आधी डिस्कवर नाही, ड्रायव्हर आणि कंट्रोलर, म्हणजे बोर्डावरचा डिस्क सांभाळणारा भाग, यांच्या जोडीवर घ्यायचा.

बायॉसमध्ये गेलो. डिस्कचं नाव बरोबर, साइझ बरोबर. तारीख मात्र जानेवारी २०१२. आणि साटा मोड, म्हणजे बोर्डाने डिस्कशी कुठल्या पद्धतीने बोलायचं ते: आयडीई, जुनी पद्धत.

इथे कोडं निम्मं सुटलं. बोर्डावर एक नाण्याएवढा सेल असतो, सीआर२०३२, तीन व्होल्टचा. घड्याळ आणि बायॉसची सेटिंगं जपणं हे त्याचं काम. पण भिंतीवरचं बटण चालू असेल तर कॉम्प्युटर बंद असतानाही पॉवर सप्लायमधून बोर्डाला थोडी स्टँडबाय वीज मिळत राहते, आणि तोवर सेल मेला तरी कोणाला पत्ता लागत नाही. काकांचं बटण एरवी चालूच. प्लग काढला तेव्हा यंदा पहिल्यांदा सगळा भार सेलवर आला आणि सेलमध्ये काही नव्हतंच. मल्टिमीटर लावला तर २.१ व्होल्ट. सेटिंगं पुसली गेली, बोर्डाने कारखान्यातली सेटिंगं घेतली, आणि त्या बोर्डाच्या कारखान्यातल्या सेटिंगात साटा मोड आयडीई होता. विंडोज मात्र २०१२ मध्ये एएचसीआय या नव्या पद्धतीच्या मोडवर बसवलेलं. विंडोज ७ बसवताना जो मोड असेल त्याचाच ड्रायव्हर बूटच्या वेळी उठायला सांगून ठेवतं, दुसऱ्या मोडचा ड्रायव्हर डिस्कवर असतो पण झोपलेला. मोड बदलला की ज्याने उठायचं तो उठत नाही, म्हणून सेव्हन-बी. सेफ मोडमध्येही तेच होतं आणि स्टार्टअप रिपेअरलाही ते कळत नाही, दोन्ही त्या दुरुस्तीवाल्याने करून बघितलं होतं आणि त्यावरूनच डिस्क गेली असं ठरवलं होतं.

मोड एएचसीआय केला, तारीख नीट केली, सेव्ह केलं आणि मशीन सुरू झालं. काकांच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं इतका आनंद. पण डेस्कटॉप यायला नऊ मिनिटं लागली, मी घड्याळ लावून बसलो होतो, आणि त्या नऊ मिनिटांत डिस्कमधून मधूनमधून बारीक टक्-टक् येत होतं. इथे माझं चुकलं तेही लिहितो. विंडोज सुरू करायच्या आधी पेन ड्राइव्हवरून लिनक्स, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी दुसरी सिस्टिम, लावून डिस्कची तब्येत बघायला हवी होती. विंडोज नुसतं सुरू झालं तरी डिस्कवर शेकडो ठिकाणी लिहितं, आणि आजारी डिस्कवर लिहिणं म्हणजे आधीच दमलेल्या माणसाला ओझं देणं. नशिबाने निभावलं.

आता बरेच जण इथेच थांबतात, नवीन सेल टाकला, मशीन चालू झालं, झालं काम. पण काकांच्या तीन तक्रारींपैकी फक्त तिसरीचं उत्तर मिळालं होतं. निळा स्क्रीन डिस्कमुळे नव्हता म्हणून डिस्क चांगली आहे असं होत नाही.

क्रिस्टलडिस्कइन्फो, डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर, नेहमी पेन ड्राइव्हवर असतं माझ्याकडे, ते चालवलं. पिवळा, 'कॉशन'. खाली आकडे बघताना एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी, ते सॉफ्टवेअर मूळ आकडे (रॉ व्हॅल्यू) हेक्समध्ये, म्हणजे सोळावर मोजायच्या पद्धतीत, दाखवतं आणि लोक ते साधे आकडे समजून वाचतात. सी५ च्या ओळीत ३ए होतं, म्हणजे ५८. सी५ म्हणजे पेंडिंग सेक्टर. सेक्टर म्हणजे डिस्कवरचा छोटासा कप्पा, आणि हे डिस्कला वाचता आले नाहीत आणि ज्यांचं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही असे. ०५ ची ओळ, म्हणजे बदली झालेले सेक्टर, अजून शून्यच होती. आणि सी७ मध्ये २बी६, म्हणजे ६९४. या सी७ कडे फार कमी लोक बघतात. तो प्लेटवरच्या खराबीचा आकडा नाही, डिस्क आणि बोर्ड यांच्यामधल्या वाटेत किती वेळा डेटा बिघडून पोचला आणि परत पाठवावा लागला त्याचा आहे, आणि त्याचं कारण बहुतेक वेळा केबल किंवा कनेक्टर असतं. चालू राहिल्याचे तास २३,०७० निघाले, दिवसाला पाच-सहा तास धरले तर तेरा वर्षांना ते जुळतंच.

इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या नोंदवहीतही दोन्ही प्रकारच्या नोंदी मिळाल्या: 'डिस्क' नावाखाली ७ नंबरच्या, म्हणजे बॅड ब्लॉक, आणि ११ नंबरच्या, म्हणजे कंट्रोलर एरर. ११ नंबरच्या नोंदी पार डिसेंबरपासून होत्या, ७ च्या एप्रिलपासून. बघा, काकांनी सांगितलेला, मी वहीत लिहिलेला क्रम आणि हा क्रम एकच. आधी हळू झालं, मग डोंगल रुसलं.

डिव्हाइस मॅनेजर, म्हणजे जोडलेल्या उपकरणांची विंडोजमधली यादी, उघडला तर डोंगलपुढे पिवळं उद्गारचिन्ह, कोड ३९. म्हणजे ड्रायव्हर लोड होत नाही, फाइल खराब आहे किंवा नाही. डोंगल मेलेलं असतं तर ते यादीत दिसलंच नसतं. मला तेव्हाच शंका आली की ड्रायव्हरची फाइल त्या ५८ सेक्टरांपैकी कुठल्यातरीवर पडलेली असणार, पण शंकेवर हात घालायचा नाही असं ठरवलं आणि मशीन बंद केलं. डेटा दुसरीकडे जाईपर्यंत या डिस्कवर दुरुस्ती नावाची कुठलीही गोष्ट करायची नाही. खास करून चेकडिस्क, म्हणजे विंडोजचं डिस्क तपासून दुरुस्त करणारं साधन, त्यातही '/आर' लावून चालवलेला. तो पूर्ण डिस्क घासून काढतो, वाचता न आलेली जागा सोडून देतो, फाइलींचे तुकडे इकडेतिकडे करतो, आणि हे सगळं त्याच दुखऱ्या डिस्कवर. कितीतरी डेटा मी असा गेलेला बघितलाय, रोगाने नाही तर औषधाने.

केस उघडली. आत नदीकाठची दमट हवा काय करते त्याचं प्रदर्शनच होतं. केसच्या पत्र्याला कडेने गंज, पंख्यावर धुळीचा ओला थर, आणि लाल साटा केबल, क्लिप नसलेली जुन्या पद्धतीची, हात लावताच सैल हलली. टॉर्च मारून डिस्कच्या कनेक्टरची पट्टी बघितली तर सोनेरी टोकांपैकी मधल्या दोनांवर काळपट डाग, जसा तांब्याच्या भांड्यावर येतो तसा. आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून कापसाच्या काडीने पुसलं, काडी काळी झाली. क्लिपवाली नवीन केबल लावली. सी७ चा आकडा २बी६ वहीत लिहून ठेवला, कारण तो आकडा कधी कमी होत नाही, केबल बदलल्यावर वाढायचा थांबला का एवढंच बघायचं असतं. विंडोज एक्सपीच्या काळात हाच रोग वेगळ्या तऱ्हेने दिसायचा, असे एरर सहा वेळा झाले की विंडोज डिस्कचा वेग एकेक पायरी खाली आणत शेवटी पीआयओ या सगळ्यात हळू मोडवर नेऊन ठेवायचं आणि लोक विचारायचे अचानक बैलगाडी का झाली.

मग नवीन डिस्क. म्हापशात विचारलं तिथे फक्त ४८० जीबीच्या एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेल्या नव्या तऱ्हेच्या डिस्क, होत्या, आणि इथे एक बारीक गोष्ट आहे जी माहीत नसली की एक फेरी फुकट जाते. ५०० जीबीच्या डिस्कवर ५०० अब्जांहून थोडे जास्त बाइट असतात, ४८० वाल्यावर साधारण ४८० अब्ज, म्हणजे जशीच्या तशी नक्कल तिच्यात मावतच नाही, मग आधी पार्टिशन, म्हणजे डिस्कवर आखलेला भाग, आवळा, आणि ते आवळणंसुद्धा त्याच आजारी डिस्कवर करावं लागतं. म्हणून पणजीला अठरा जून रस्त्यावर जाऊन ५०० जीबीची आणली. सेल मात्र साखळीतच घड्याळवाल्याकडे मिळाला.

मशीन डिचोलीला घरी आणलं, इन्व्हर्टर आहे म्हणून. रात्री नऊला लिनक्सच्या पेन ड्राइव्हवरून सुरू केलं आणि डीडीरेस्क्यू लावलं. हे साधं कॉपी करणारं सॉफ्टवेअर नाही. साधी कॉपी खराब जागेवर आली की तिथेच डोकं आपटत बसते, हे आधी सगळी चांगली जागा भराभर उचलून घेतं, खराब भागाला बाजूने वळसा घालून पुढे जातं, आणि कुठे काय राहिलं त्याचा नकाशा एका फाइलीत लिहित राहतं. तो नकाशा पेन ड्राइव्हवर ठेवायचा, लिनक्सच्या डेस्कटॉपवर नाही, कारण तो डेस्कटॉप रॅममध्ये असतो आणि वीज गेली की त्याच्याबरोबर जातो. ही काळजी उगाच नव्हती. रात्री दोनच्या सुमाराला मुसळधार पाऊस, लाइट गेली, इन्व्हर्टरवर आलं पण बदलायच्या त्या क्षणात मशीन रीस्टार्ट झालं. मी उठून तीच कमांड त्याच नकाशासकट परत दिली आणि काम जिथे थांबलं होतं तिथूनच पुढे सुरू झालं.

पहिल्या फेरीत जवळजवळ सगळं आलं, सव्वा एमबीच्या आसपास राहिलं. मग त्या राहिलेल्या जागेवर तीन वेळा परत प्रयत्न करायला सांगितलं. ही फेरी बघत बसायची नसते खरं तर, पण मी बसलो. आकडा पंधरा-वीस मिनिटं हलत नाही, डिस्क टक्-टक् करत राहते, मग अचानक पाचशे बारा बाइट येतात आणि आपल्याला वाटतं एखाद्या नाटकाची ओळ वाचली. सकाळी साडेसातला थांबलं तेव्हा १२,२८८ बाइट आले नव्हते, म्हणजे २४ सेक्टर. ५०० जीबीमधले बारा केबी. आणि सी७ बघितला, २बी६ च होता, अख्खी डिस्क नवीन केबलमधून वाहून गेली तरी एकनेही वाढला नव्हता.

बारा केबी गेले ते कशातले गेले हे न बघता मशीन परत द्यायचं नाही असं माझं मत. कारण मालकाला एवढंच कळतं की सगळं आलं, आणि दोन वर्षांनी एखादी फाइल उघडत नाही तेव्हा तो स्वतःला दोष देतो. डीडीरेस्क्यूमध्ये सोय आहे, नकाशात जी जागा खराब लिहिली आहे तिथे नकलेवर आपल्याला हवा तो शब्द भरता येतो. मी एक विचित्र शब्द भरला जो कुठल्या फाइलीत असण्याची शक्यता नाही, आणि मग नकलेवरच्या सगळ्या फाइलींत तो शब्द शोधायला लावला. तीन तुकडे होते. एक तुकडा कुठल्याच फाइलीत नव्हता, रिकाम्या जागेत. दुसरा २०१४ च्या एका लग्नपत्रिकेच्या कोरल ड्रॉच्या फाइलीत. आणि तिसरा विंडोजच्या ड्रायव्हर्स फोल्डरमध्ये, डोंगलच्या ड्रायव्हरच्या फाइलीत, बरोबर मधोमध.

म्हणजे एप्रिलमध्ये तो सेक्टर अशक्त व्हायला लागला, कधी वाचला जायचा कधी नाही, म्हणून डोंगल कधी चालायचं कधी नाही, आणि काढून घातलं की चालायचं ते दुसऱ्या खेपेला वाचलं जायचं म्हणून. मे अखेर पूर्ण गेला. काकांनी मधल्या काळात डोंगल बनवणाऱ्यांकडे नवीन मिळेल का म्हणून चौकशीही केली होती.

ड्रायव्हरची सीडी काकांनी जपून ठेवली होती, कपाटात, कापडात गुंडाळून, आणि तिच्यावर बुरशीची नक्षी उठली होती, प्रकाशात धरली तर आरपार टाचणीएवढी भोकं. पण विंडोज ७ बाहेरून आलेल्या ड्रायव्हरची एक पूर्ण प्रत ड्रायव्हरस्टोअर नावाच्या फोल्डरमध्ये आत कुठेतरी ठेवत असतं, आणि ती प्रत डिस्कच्या दुसऱ्या भागात, धडधाकट होती. एसएसडी लावून मशीन सुरू केलं, आधी एसएसडीवर चेकडिस्क केला, आता तो करायला हरकत नव्हती. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये डोंगल अनइन्स्टॉल केलं. तिथे खिडकीत एक चौकोन येतो, 'ड्रायव्हर सॉफ्टवेअरही डिलीट करा', त्यावर टिक करायची नाही, अजिबात नाही, ती केली की आतली जपलेली प्रतही जाते आणि मग खरंच काही उरत नाही. टिक न करता काढलं, 'स्कॅन फॉर हार्डवेअर चेंजेस' दिलं, विंडोजने स्वतःच्या साठ्यातून फाइल परत आणून बसवली आणि पिवळं चिन्ह गेलं. फॉन्टचं सॉफ्टवेअर उघडलं.

जुनी आणि नवी डिस्क एकाच वेळी विंडोजमध्ये लावली नाही, कारण नक्कल असल्याने दोघींची सही एकच असते आणि विंडोज त्यातल्या एकीला ऑफलाइन करतं, उगाच गोंधळ.

सेल बदलायच्या आधी एक खात्री करून घेतली. मशीन बंद, प्लग बाहेर, पॉवरचं बटण दोनदा दाबून आतली उरलीसुरली वीज काढून टाकली, अर्ध्या तासाने लावलं: परत जानेवारी २०१२, परत आयडीई, परत सेव्हन-बी. आता हे अंदाजाने नाही, डोळ्यांसमोर घडवून बघितलं. मग नवीन सेल, तीच कसोटी रात्रभर, सकाळी सगळं जागच्या जागी. तरी आणखी एक केलं. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगांच्या साठ्यात, आयडीईवाल्या आणि एएचसीआयवाल्या दोन्ही ड्रायव्हरांची 'स्टार्ट' ही व्हॅल्यू शून्य करून ठेवली, म्हणजे बूटच्या वेळी दोघेही जागे. उद्या सेल परत मेला आणि बोर्डाने परत आयडीई घेतलं तरी विंडोज उठेल, तारीख चुकीची दिसेल तेवढीच. मुद्दाम आयडीई करून बघितलं, उठलं. मग परत एएचसीआय.

डेस्कटॉप आता पस्तीस सेकंदांत येतो. विंडोज ७ च्या पार्टिशनची सुरुवात एसएसडीला सोयीची असते, एक्सपीची नसायची, त्यामुळे तिथे काही करावं लागलं नाही, ट्रिम, म्हणजे रिकामी झालेली जागा एसएसडीला कळवायची सोय, चालू आहे का तेवढं बघितलं आणि फाइलींचे तुकडे जुळवणारं, बुधवारी रात्रीचं ठरलेलं डीफ्रॅग बंद केलं. इंटरनेटची केबल मात्र काढून घेतली. काकांना ते आवडलं नाही, मेल कसा बघू म्हणाले. अपडेट बंद झालेलं विंडोज नेटवर ठेवून त्यात तेरा वर्षांचं काम ठेवणं मला पटत नाही, हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं, थोडं ताणलंसुद्धा. शेवटी काकी म्हणाल्या माझा फोन आहे मेलला, तेव्हा मिटलं.

सगळ्या एसएसडीची एक पूर्ण इमेज, म्हणजे जशीच्या तशी नक्कल, बाहेरच्या डिस्कवर घेतली, तिची दुसरी प्रत फोंड्याला काकांच्या बहिणीकडे. नाटकांच्या फाइली मी युनिकोडमध्ये बदलायला घेतल्यात. कन्व्हर्टर जोडाक्षरांत आणि रफारात चुका करतो, 'र्‍ह' तर हमखास बिघडवतो, त्यामुळे एकेक पान डोळ्यांखालून घालावं लागतं. आतापर्यंत चार नाटकं झाली. सोबत सगळ्या कामांच्या पीडीएफही काढतोय, फॉन्ट आत बसवून, म्हणजे डोंगल असो नसो, निदान वाचता तरी येईल.

जुनी डिस्क अँटिस्टॅटिक पिशवीत घालून तांदळाच्या डब्यासारख्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवली आहे, आत सिलिका जेलच्या पुड्या, वर तारीख आणि 'लावू नये' असं काकांच्या सुंदर अक्षरात. आरतीच्या पुस्तकाचं पहिलं प्रूफ त्याच आठवड्यात निघालं. राहिली ती २०१४ ची पत्रिका. त्या फाइलीचा मधला भाग काही केल्या आला नाही. दुकानात नमुन्यांचा जाड अल्बम असतो, काकांनी त्यातून ती छापील पत्रिका शोधून काढली, शेजारी उभी करून ठेवली आणि एका संध्याकाळी बसून पहिल्या 'श्री'पासून परत टाइप केली, फाइलीचं नाव जुनंच ठेवून.